सागरतळाची सफर : कोठे जावे, कसे जावे



सुरतेच्या लिंबायत भागात मराठी घरे पुष्कळ आहेत. धुळे, जळगाव, नंदुरबार या खानदेशी मुलखातून येऊन येथील मागांवर, रंगाई-छपाईच्या कारखान्यांत आणि कापडबाजारात पोट भरणारी ही कुटुंबे. समुद्राशी त्यांचा पिढीजात संबंध असा नाही. सुरत हे एकेकाळचे मोठे बंदर खरे, पण लिंबायतीतून समुद्र दिसत नाही. आणि डुमसला जाऊन पाहावा तर काळसर वाळू व गढूळ पाणी एवढेच दृष्टीस पडते. असे असूनही अलीकडे सुटी जवळ आली की या घरांतून मालवणच्या सहलीची बेरीज-वजाबाकी सुरू होते, आणि त्या हिशेबात 'स्कूबा' हा शब्द हटकून येतो. मी व्यवसायाने शिक्षक. वर्गातील मुले मला विचारतात, "सर, जगात सगळ्यांत चांगले स्कूबा कोठे?" त्यांच्या घरची वडीलधारी मंडळी निराळा प्रश्न विचारतात, "मास्तर, त्यात जिवाला धोका नाही ना?" हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, म्हणून आजच्या भाषणात त्यांची उत्तरे एकत्रच देण्याचा विचार आहे.

प्रथम हा शब्द. 'सेल्फ कंटेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग ॲपरेटस' या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून 'स्कूबा' झाला. पाण्याखाली श्वास घेण्याचे, स्वतःबरोबर वाहून नेता येणारे साधन असा त्याचा अर्थ. पाणबुडे फार प्राचीन काळापासून आहेत. मन्नारच्या आखातात मोत्यांचे शिंपले काढणारे परवर लोक केवळ छातीतल्या श्वासावर तळ गाठीत. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली त्यांच्या वस्त्यांत गेला तेव्हा हा धंदा तेथे जुनाच होता. पुढे जहाजावरून नळीने हवा पुरवण्याचे जड शिरस्त्राण आले. पण माणूस माशासारखा मोकळा फिरू लागला तो १९४३ साली. फ्रेंच नौदलातील अधिकारी झाक-इव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां या दोघांनी अशी झडप तयार केली की, पाठीवरच्या नळकांड्यातील दाबलेली हवा, पाणबुडा श्वास ओढील तेव्हाच आणि त्या खोलीवरील पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडात यावी. आजचा 'रेग्युलेटर' त्याच तत्त्वावर चालतो.

'त्या खोलीवरील दाबाइतक्याच दाबाने' या शब्दांत या विद्येचे सारे मर्म आणि सारा धोकाही आहे, म्हणून तेथे थोडे थांबू. जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो त्याला एक वातावरण म्हणू. समुद्रात दर १० मीटर खाली गेले की त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. आता समजा, १० मीटर खोलीवर एका माणसाने नळीतून छाती भरून श्वास घेतला. त्याच्या छातीत ६ लिटर हवा मावते असे धरू. ही हवा दुप्पट दाबाची आहे. घाबरून त्याने तोंड मिटले, श्वास कोंडला आणि तसाच वर निघाला, तर पृष्ठभागावर येईपर्यंत त्या ६ लिटरांचे १२ लिटर होऊ पाहतात. छाती ही रबरी फुगा नव्हे. फुप्फुसाचा नाजूक पडदा फाटतो आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात. म्हणून पाणबुड्याच्या शिक्षणातील पहिला नियम असा : श्वास कधीही कोंडू नये. वर येताना तर मुळीच नाही.

येथे गणिताची एक गंमत आहे, ती माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी चकवते. ३० मीटरवरून २० मीटरवर आले तर दाब चारवरून तीनवर येतो; हवा एक तृतीयांशाने फुगते. पण १० मीटरवरून पृष्ठभागावर आले तर ती दुप्पट होते. म्हणजे अंतर तेच, पण उथळ पाण्यातील शेवटचे १० मीटर अधिक घातक. "आम्ही काय, थोडेसेच खाली जाणार" असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

दुसरा धोका सावकाश येतो. दाबाखाली हवेतील नायट्रोजन वायू रक्तात व स्नायूंत विरघळतो. माणूस झपाट्याने वर आला तर तो वायू, सोड्याची बाटली उघडावी तसा, बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सांधे ठणकतात, कधी हातपाय लुळे पडतात. जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने बोकडांवर प्रयोग करून, किती खोलीवर किती वेळ राहिल्यास किती सावकाश वर यावे याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. आज ते काम मनगटावरचे छोटे गणकयंत्र करते. सुरतेहून मालवणला जाणाऱ्यांच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. बुडी मारल्यानंतर लगेच विमानात बसू नये किंवा उंच घाट चढू नये, कारण वर हवेचा दाब आणखी कमी होतो. एका बुडीनंतर १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमान टाळावे असा संकेत आहे. कोकण रेल्वेने कुडाळहून किनाऱ्याच्या बाजूने परतणाऱ्याला ही चिंता नाही; पण दोन दिवस खोल बुड्या मारून त्याच संध्याकाळी मोटारीने घाट चढून कोल्हापूर गाठणाऱ्याने विचार करावा.

आता ठिकाणांकडे वळू. सुरतेलाच समुद्र असताना इतक्या दूर का जावे, हा प्रश्न साहजिक आहे. तापी आणि नर्मदा या नद्या दरसाल अपार गाळ खंबातच्या आखातात ओततात. शिवाय हे आखात नरसाळ्यासारखे निमुळते असल्यामुळे तेथे भारतातील सर्वांत मोठी भरती-ओहोटी होते. भावनगरच्या बाजूला पाणी १० मीटरपर्यंत चढते-उतरते. हे पाणी दिवसातून दोनदा तळ ढवळून काढते. अशा पाण्यात बुडी मारणाऱ्याला स्वतःचा पंजाही दिसावयाचा नाही, आणि ओढही अशी की पट्टीचा पोहणाराही टिकणार नाही. प्रवाळाला तर सूर्यप्रकाश हवा आणि गाळ अजिबात नको. त्यामुळे सुरतेच्या वाट्याला बंदर आले, पोवळी आली नाहीत.

गुजरातेत प्रवाळ आहे, पण तो कच्छच्या आखातात, जामनगरच्या किनाऱ्याला. तेथील सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली जाहीर झाले. देशातले ते पहिलेच. नरारा येथे ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यातून चालत पोवळी, ऑक्टोपस, फुगा-मासे पाहता येतात. पाण्यात न बुडता सागरतळ पाहण्याची अशी सोय दुर्मिळ आहे, आणि लहान मुले बरोबर असतील तर मी मालवणच्या आधी नरारा सुचवीन. द्वारकेच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी शि. रं. राव यांच्या मार्गदर्शनाखाली १९८० नंतरच्या दशकात उत्खनन केले व दगडी नांगर, बांधकामाचे चिरे शोधून काढले. पाणबुडीची विद्या केवळ मौजेची नाही, हे त्यावरून कळावे.

मालवणची गोष्ट मात्र निराळी. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्या बेटाभोवतीच्या खडकांनी शत्रूच्या गलबतांना दूर ठेवले. त्याच खडकांवर आज पोवळी वाढलेली आहेत. दुर्ग बांधणाऱ्यांना खडक हवे होते, पोवळ्यांनाही खडकच हवे असतात. किल्ल्याच्या तटाखाली पाच-सात मीटरांवर पोपटमासे, पट्टेरी सार्जंट मासे, फुलपाखरी मासे आणि समुद्रफुलांच्या आड लपणारे लहान जीव दिसतात. १९८७ साली हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध होता, आणि तो अकारण नव्हता. ज्या पाण्यात बापजाद्यांनी रापण ओढली तेथे आपणच परके होऊ ही भीती खरीच होती. पुढे त्याच कोळी-गाबीत घरांतील कित्येक तरुण पर्यटकांना समुद्राखाली नेऊ लागले. जवळच्या तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षणाची संस्था आहे. तेथे रीतसर खोल तलावात शिकवून मग समुद्रात नेतात, आणि हे मी फार महत्त्वाचे मानतो.

कारण मालवणला दोन प्रकारची 'स्कूबा' मिळते, आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. एका प्रकारात पोहता न येणाऱ्यालाही अंगावर साहित्य चढवून, एक वाटाड्या धरून, दहा-पंधरा मिनिटे खाली नेतो; छायाचित्र निघते, माणूस आनंदाने वर येतो. दुसऱ्या प्रकारात तीन-चार दिवस शिकून, परीक्षा देऊन, १८ मीटरपर्यंत जाण्याचे प्रमाणपत्र मिळते. पहिला प्रकार वाईट नाही; पण त्यात तुमचा जीव संपूर्णपणे वाटाड्याच्या हाती असतो. म्हणून एका वाटाड्याकडे किती माणसे, हे आधी विचारावे. एकाला एक असेल तर जावे. होडीवर प्रत्येकाला प्राणरक्षक जाकीट आहे का, प्राणवायूचे नळकांडे आहे का, हेही विचारावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचे प्राण गेले. लक्षात घ्या, ही दुर्घटना पाण्याखाली घडली नाही. बुडी सुखरूप संपल्यावर, किनारा समोर दिसत असताना घडली. खाली जाताना जी सावधगिरी बाळगतो ती परतीच्या होडीत सुटते. मागच्या होडीत जागा नाही म्हणून दाटीवाटीने बसू नका. थांबा, दुसरी येईल.

आणखी एक सांगतो, ते आमच्या लिंबायतीतील श्रोत्यांसाठी विशेष. ज्यांनी मागाच्या खात्यात, धाग्याच्या कोंदट धुळीत वर्षे काढली आहेत त्यांनी आधी डॉक्टरकडून छाती तपासून घ्यावी. दमा असल्यास बुडी नको. सर्दी झाली असेल तर कानाच्या पडद्यामागची हवा मोकळी होत नाही. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारूनही कान मोकळा होत नसेल तर वर यावे. पैसे भरले आहेत म्हणून सोसू नये. सुरतेच्या माणसाला भरलेले पैसे सोडणे जड जाते, हे मी जाणतो.

मालवणच्या पाण्याचा एक दोष सांगितलाच पाहिजे. तेथे दृष्टी फार लांब जात नाही. चांगल्या दिवशी आठ-दहा मीटर, एरवी त्याहून कमी. गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळही तीच स्थिती, मात्र तेथे बुडालेल्या जहाजाचे अवशेष पाहावयास मिळतात. कर्नाटकात मुरुडेश्वरासमोरचे नेत्राणी बेट या दोहोंपेक्षा स्वच्छ. मालवण-विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखाली २० मीटरांवर आहे, गाळ तेथवर पोचत नाही, आणि तेथील प्रवाळ फार सुंदर असल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. पण ते सहलीचे ठिकाण नव्हे. निवतीच्या खडकांजवळ, नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेले 'गुलदार' हे जहाज तळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय व कृत्रिम खडक करण्याची योजना महाराष्ट्र शासनाने हाती घेतली. तिचा मला मौजेपेक्षा दुसराच उपयोग वाटतो : पर्यटकांची गर्दी तिकडे वळली तर किल्ल्याभोवतीच्या पोवळ्यांना थोडी उसंत मिळेल.

खरे निर्मळ पाणी हवे असेल तर अंदमान किंवा लक्षद्वीप. अंदमानातील ज्या बेटाचे पूर्वीचे नाव हॅवलॉक, आणि २०१८ पासून स्वराज द्वीप, तेथे २० मीटरांहून अधिक अंतर स्पष्ट दिसते. लक्षद्वीपची बेटे तर मुळी प्रवाळांनीच बांधलेली. मध्ये उथळ खाजण, भोवती कंकणाकार भिंत, आणि तिच्यापलीकडे समुद्र एकदम खोल. तेथे जाण्यास परवाना लागतो. तो कटकटीचा वाटतो, पण तो आहे म्हणूनच ती बेटे राहिली आहेत.

देशाबाहेर पाहिले तर नावांना अंत नाही. मी चार-पाचच घेतो. ईजिप्तचा तांबडा समुद्र : त्याला मोठी नदी मिळत नाही, पाऊस जवळजवळ नाही, त्यामुळे पाणी काचेसारखे. तेथे 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिश मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी बुडवले. त्याच्या पोटात मोटारसायकली, मालमोटारी, सैनिकांचे बूट आजही दिसतात. त्याच समुद्रावर दहाब येथे 'निळी विहीर' म्हणतात असे खोल कुंड आहे. ५५ मीटरांच्या आसपास तेथे एक कमान आहे, ती ओलांडून बाहेर जाण्याच्या हव्यासाने कित्येक कसलेले पाणबुडे मेले. त्यांच्या नावांच्या पाट्या किनाऱ्यावरील कड्याला लावलेल्या आहेत. हौशी पाणबुड्याची मर्यादा ४० मीटर मानतात, यावरून काय ते समजावे.

ऑस्ट्रेलियाची प्रवाळभित्ती २३०० किलोमीटर लांब. सुरतेपासून कोचीन कितीतरी अलीकडे राहील. इंडोनेशियाचा राजा आम्पात द्वीपसमूह ज्या सागरी प्रदेशात येतो, त्यात जगातील प्रवाळजातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश सापडतात. मलेशियाच्या सिपादान बेटावर रोज ठरावीक संख्येनेच पाणबुड्यांना परवाने देतात. पालाऊ या चिमुकल्या देशाने २००९ साली आपले सारे समुद्रक्षेत्र शार्कसाठी अभय म्हणून जाहीर केले आणि २०१७ पासून प्रत्येक पाहुण्याकडून पारपत्रावरच, बेटांना इजा करणार नाही, अशा प्रतिज्ञेवर सही घेतली जाते. इटलीत जेनोव्याजवळ सान फ्रुत्तुओसो येथे १७ मीटर खोलीवर, दोन्ही हात वर पसरलेला ख्रिस्ताचा ब्राँझचा पुतळा १९५४ साली ठेवला. त्याच जागी १९४७ साली दारिओ गोन्झात्ती हा इटलीतील आरंभीचा पाणबुडा मरण पावला होता. प्रार्थनास्थळ म्हणून नव्हे तर एक मित्रांनी मित्राची राखलेली आठवण म्हणूनही ती जागा मला फार मोलाची वाटते.

या सर्व ठिकाणी एक अनुभव मात्र सारखा येतो, आणि तो रंगाच्या गावातील श्रोत्यांना आवडेल. पाणी प्रथम तांबडा रंग गिळते. सुरतेच्या छपाईची कुंकवासारखी लाल साडी १० मीटरांवर नेली तर ती तपकिरी, मळकट दिसेल. आणखी खाली काळपट. निळा सर्वांत शेवटपर्यंत टिकतो. खाली दिवा नेला की क्षणात सारे लाल-केशरी रंग परत उजळतात.

आता या पोवळ्यांच्या जिवाविषयी. प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पती नव्हे. तो इवल्या प्राण्यांचा समूह आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देते, रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा केवळ एका अंशाने तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ त्या शेवाळाला बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी लक्षद्वीपच्या पोवळ्यांवर ही आपत्ती आली. एप्रिल २०२४ मध्ये, पृथ्वीवरील सर्व महासागरांत एकदम पसरलेली ही चौथी लाट असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले, आणि त्यात ऑस्ट्रेलियाची भित्तीही सुटली नाही.

समुद्राचे तापणे थोपवणे पर्यटकाच्या हाती नाही. पण तापलेल्या पोवळ्याला लाथ न मारणे त्याच्या हाती आहे. शिकाऊ माणूस तोल सावरण्यासाठी तळावर उभा राहतो, फिनचा फटका बसतो, आणि वर्षाला एखादा-दोन सेंटिमीटर वाढलेली फांदी कडकन मोडते. ती वाढायला आपल्या शाळेतील मुलगा पहिलीतून दहावीत जाईल. वाटाडे छायाचित्रासाठी पावाचे तुकडे टाकून मासे गोळा करतात. तेही नको म्हणून सांगावे. आपण गिऱ्हाईक आहोत, आपले ऐकतात. शिंपले, पोवळ्याचे तुकडे पिशवीत घालून आणू नयेत. कायद्यानेही त्यास मनाई आहे.

तर मुलांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : पैसा आणि सुटी बेताची असेल तर पहिल्या वर्षी नरारा, पुढच्या वर्षी मालवण, आणि त्या दोहोंच्या मधल्या काळात जवळच्या तरणतलावात पोहणे शिकावे. ज्याला पोहता येते त्याला खाली गेल्यावर भीती कमी वाटते, भीती कमी तर श्वास संथ, आणि श्वास संथ असला की तेच नळकांडे दीडपट वेळ पुरते. मालवणला मे अखेरीपासून पावसाळाभर बुड्या बंद असतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जाऊ लागतात, पण ओढ्यानाल्यांचा गाळ बसायला वेळ लागतो. दिवाळीच्या सुटीत पाणी अजून थोडे गढूळ असण्याचा संभव असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. तेव्हा नाताळच्या सुटीत जमत असेल तर गाडीची तिकिटे आधीच काढून ठेवावी, कारण त्या दिवसांत कुडाळला उतरणारी गर्दी मोठी असते.